मागच्या बाकापर्यंत गणित कसं पोहोचवायचं: जिल्हा परिषद शाळेसाठी वर्षभराची आखणी

जिल्हा परिषदेच्या शाळेतला चौथीचा वर्ग. फळ्यावर अपूर्णांक चालू आहेत. पुढे बसलेल्या तिघा-चौघांना ते कळताहेत. मधली काही मुलं अजून हातच्याच्या वजाबाकीशी अडलेली आहेत. मागे भिंतीला टेकून बसलेल्या दोघांना ४७ मोठे की ७४, हे खात्रीने सांगता येत नाही. पुस्तक सगळ्यांना मिळालंय, शिक्षक एकच, तासही एकच. तरी घंटा होते तेव्हा पुढच्यांच्या पदरात काहीतरी पडलेलं असतं आणि मागच्या दोघांच्या पदरात काहीच नाही.

हे मागचे दोघे कोण असतात ते शाळेत काम करणाऱ्यांना सांगावं लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल. घरी भिली, पावरी किंवा कोरकू बोलणारं मूल. धाकट्या भावाला सांभाळायला आठवड्यातून दोन दिवस घरी राहणारी मुलगी. त्यांच्या डोक्यात कमी काही नाही. त्यांच्या वाट्याला शिक्षकाचा वेळ, हाताळायला साहित्य आणि समजेल अशी भाषा कमी आली आहे. या तीन गोष्टींची वाटणी शाळेने मुद्दाम बदलायला हवी आणि जो जितका मागे, त्याला तितकं जास्त द्यायला हवं, असं मी ठामपणे मानते. खालची आखणी त्यासाठी आहे. ती दोन ते चार शिक्षकांच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. जूनमध्ये सुरू केली तर उत्तम, पण वर्षाच्या मध्ये सुरू करायलाही हरकत नाही.

पहिली पायरी: प्रत्येक मुलाजवळ दहा मिनिटं बसा

लेखी चाचणीतून मुलाचं उत्तर कळतं, ते कुठे अडलंय हे कळत नाही. त्यासाठी एकेका मुलाला जवळ बसवून तोंडी विचारावं लागतं. ग्रामीण मुलांना किती वाचता-मोजता येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहण्यांत २००५ पासून गावोगाव घरी जाऊन हेच केलं जातं. त्यांची उतरंड सोपी आहे: १ ते ९ अंक ओळखणं, मग १० ते ९९, मग दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि शेवटी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. जिथे मूल अडखळतं तिथे थांबायचं. हीच उतरंड वापरा आणि त्यात दोन प्रश्नांची भर घाला. एक, "पाचशे तीन हा आकडा लिही." दोन, तोंडी हिशोब: "दहा-दहा रुपयांचे तीन बिस्किटपुडे घेतले, पन्नासची नोट दिली, दुकानदार किती परत देईल?"

प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर असो वा चूक, एकच विचारायचं: "कसं केलंस, सांग बरं?" चुकलं तरच हा प्रश्न विचारला तर मुलं आठवड्याभरात ओळखतात आणि गप्प बसायला लागतात.

या प्रश्नातून काय हाती लागतं ते पाहा. समजा ५२ − २७ हे गणित तीन मुलांना दिलं. पहिल्याने ३५ लिहिलं. कसं केलंस विचारल्यावर तो म्हणतो, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे वरचा-खालचा न पाहता तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. दुसरीने ७९ लिहिलं. तिला वजाबाकी येते, पण तिने चिन्हाकडे पाहिलंच नाही आणि बेरीज केली. तिसऱ्याने ५२ च्या जागी २५ मांडलं, कारण "बावन्न" ऐकताना त्याला आधी "बा" ऐकू आलं आणि त्याने दोन आधी लिहिला. वहीत तिघांच्याही गणितावर लाल फुली पडते. पण पहिल्याला दशक फोडणं शिकवायचं आहे, दुसरीला फक्त सावध करायचं आहे आणि तिसऱ्याला वजाबाकीच्या कितीतरी आधीचं, संख्या लिहिण्याचं शिकवायचं आहे. तिघांना मिळून "हातच्याची वजाबाकी पुन्हा एकदा" शिकवली तर एकाचंच काम होईल.

यासाठी वेगळी वही करा. मुलाचं नाव, आजचा स्तर, चूक नेमकी कशी होते, घरची भाषा, घर स्थलांतर करतं का, गेल्या वर्षी हजेरी किती होती, इतके रकाने पुरे. गुण आणि श्रेणी त्यात लिहू नका, त्यांची जागा दुसरीकडे आहे. तीस मुलांच्या वर्गाला रोज तीन-चार मुलं घेतली तर दोन आठवडे लागतात. पुस्तक मागे पडेल अशी भीती वाटते, पण या दोन आठवड्यांशिवाय पुढचं सगळं अंदाजाने चालतं.

दुसरी पायरी: दिवसातला एक तास इयत्ता विसरून

या आखणीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. तिसरी, चौथी, पाचवीची मुलं एकत्र करा आणि रोज एक तास त्यांना इयत्तेप्रमाणे न बसवता स्तराप्रमाणे बसवा. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने ही पद्धत उभी केली. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांत ती तपासली. बॅनर्जी, ड्युफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे गरिबी कमी करण्याच्या उपायांची अशीच प्रत्यक्ष जागेवर केलेली तपासणी होती. आपल्या कामाचा धडा असा: सरकारी शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तेव्हा वर्गात फारसा फरक पडला नाही. हरियाणात हिंदी वाचनासाठी दिवसातला ठराविक वेळ राखून ठेवला आणि त्यावर नियमित देखरेख ठेवली, तेव्हा तेच सरकारी शिक्षक मुलांना पुढे नेऊ शकले. म्हणून वेळापत्रकात हा तास आधी लिहा, बाकीचं त्याच्या भोवती बसवा.

तास कुठे ठेवायचा? माझं मत विचाराल तर परिपाठ संपल्या संपल्या. दुपारी कुणाला तरी ऑनलाइन माहिती हवी असते, पोषण आहाराची नोंद राहिलेली असते, मीटिंगचा निरोप येतो. सकाळचा तास वाचतो.

गट तीन करा: १ ते ९९ संख्यांत अडकलेल्यांचा, हातच्याच्या बेरीज-वजाबाकीचा आणि गुणाकार-भागाकाराचा. दोन शिक्षक असतील तर एकाने फक्त पहिला गट घ्यायचा आणि दुसऱ्याने उरलेले दोन सांभाळायचे, एकाला शिकवताना दुसऱ्याला जोडीने सोडवायला गणितं द्यायची. पहिल्या गटाला शाळेतला सर्वांत अनुभवी शिक्षक द्या. बहुतेक शाळांत उलट होतं. अनुभवी गुरुजी शिष्यवृत्तीची मुलं घेतात आणि मागे राहिलेली मुलं नव्याने आलेल्या शिक्षकाकडे, किंवा कुणाकडेच नाही.

एकशिक्षकी झालेल्या शाळेत, किंवा दुसरे शिक्षक रजेवर असताना, तासाचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग करा. पहिली वीस मिनिटं रोज पहिल्या गटाची.

गटांना झाडांची, नद्यांची कसलीही नावं द्या, मुलांना दोन दिवसांत कळतं कोणता गट कुठला आहे. त्यामुळे नावापेक्षा गट बदलण्याकडे लक्ष द्या. दर तीन आठवड्यांनी तीच तोंडी चाचणी घ्या आणि ज्याचं जमलं त्याला त्याच दिवशी पुढच्या गटात बसवा. ऑगस्टमध्ये पहिल्या गटात असलेलं मूल डिसेंबरातही तिथेच असेल तर मुलात काही बिघडलेलं नाही, गटातलं शिकवणं तपासा. आणि हा तास सोडून इयत्तेचं गणित चालूच राहिलं पाहिजे. चौथीच्या मुलाला चौथीचे आकार, मापन, सममिती शिकण्याचा हक्क आहे, त्याला वजाबाकी येत नसली तरी. भूमितीत चमकणारी कितीतरी मुलं आकडेमोडीत मागे असतात, आणि केवळ आकडेमोडीमुळे त्यांना चमकायची संधीच मिळत नाही.

तिसरी पायरी: साहित्य कपाटातून बाहेर

गणित पेट्या शाळांत येतात आणि कपाटात जातात. हरवेल, मोडेल, ऑडिटला दाखवावी लागेल, अशी कारणं असतात. ज्याच्या घरी कुणी बोटांवर, बियांवर, पैशांवर हिशोब करून दाखवणारं आहे त्याचं पेटीवाचून फारसं अडत नाही. ज्याच्या घरी तसं कुणी नाही त्याला त्या पेटीशिवाय दुसरं काही नाही. पेटी नसली तरी चालेल: तुरीच्या काटक्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या, रबर बँड, खेळण्यातल्या दहाच्या आणि शंभराच्या नोटा, एक रुपयाची खोटी नाणी. दोघांत एक संच. सगळ्यांना पुरत नसतील तर पहिल्या गटाला आधी.

वर ३५ लिहिणाऱ्या मुलाला ५२ − २७ कसं शिकवायचं ते सविस्तर सांगते, कारण प्राथमिक गणितातली अर्धी अडचण इथेच आहे.

त्याच्या हातात दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या. समोर दुसरं मूल दुकानदार होऊन बसेल. बाजूला एक मूल बँक. दुकानदाराला २७ रुपये द्यायचे आहेत. मूल दोन नोटा पुढे करतं आणि अडतं, सात सुटे हवेत, हातात दोनच. इथे तुम्ही काहीही सांगू नका. जरा थांबा. बहुतेक वेळा मूल स्वतःच म्हणतं, "सुटे घेऊन येऊ?" बँकेत एक दहाची नोट देऊन ते दहा नाणी आणतं. आता विचारा: "तुझ्याकडे पैसे वाढले की कमी झाले?" या प्रश्नावर घाई करू नका. पैसे ५२ च आहेत, फक्त चार नोटा आणि बारा नाणी अशा रूपात आहेत, हे त्याने स्वतः मोजून सांगितलं पाहिजे. मग सात नाणी दिली, पाच राहिली. दोन नोटा दिल्या, दोन राहिल्या. पंचवीस.

तीन-चार दिवस फक्त हेच, वेगवेगळ्या आकड्यांनी. मग नोटांच्या जागी वहीत उभ्या रेघा आणि नाण्यांच्या जागी ठिपके. एक रेघ खोडून दहा ठिपके काढायचे. तेही काही दिवस. त्यानंतर उभी मांडणी आणि ५ खोडून वर ४, २ च्या जागी १२. मूल आता ते १२ कुठून आले हे सांगू शकतं. "शेजाऱ्याकडून हातचा घेतला" एवढंच ज्याला सांगितलेलं असतं ते ५०२ − २७ ला पुन्हा अडतं, कारण शेजारी शून्य आहे. नोटांचा खेळ झालेलं मूल शंभराची नोट आधी मोडतं.

सातवी-आठवीतल्या मुलाला काड्या मोजायला लाज वाटते, आणि ते साहजिक आहे. त्याला काड्या देऊ नका. किराणा दुकानाची बिलं, टेप, वजनकाटा, बसची तिकिटं द्या. काम तेच होतं आणि मान राहतो.

पाढ्यांविषयी थोडं. पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही, पाढे यायलाच हवेत. पण "घरून पाठ करून या" म्हटलं की ज्याच्या घरी म्हणवून घेणारं कुणी आहे तोच पाठ करून येतो. पाढे शाळेत करून घ्या, रोज पाच मिनिटं, जोडीने. आणि विसरलं तर काढायचं कसं तेही शिकवा: सात चोक अठ्ठावीस आठवतं तर त्याची दुप्पट सात आठे छप्पन. गृहपाठाचंही तसंच आहे. मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय होणार नाही असा गृहपाठ देऊ नका.

चौथी पायरी: भाषेचा अडसर

मराठीत बावन्न म्हणताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. एकोणचाळीस, एकोणपन्नास तर पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात. तेलुगू, कन्नडमध्ये दशक आधी बोलतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचनही आलं तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरांचे संख्यावाचक शब्द अवघड जातात हे कारण तेव्हा स्पष्टपणे मांडलं होतं. वाद बाजूला ठेवा, वर्गात दोन्ही चालवा: "पन्नास दोन, बावन्न." पहिल्या गटात हे दोन-तीन महिने सोबत चालू द्या. बावन्न, त्रेसष्ट, सत्त्याहत्तर रुळले की पहिला भाग आपोआप गळून पडतो.

घरची भाषा वेगळी असेल तर अडचण दुप्पट होते. मेळघाटातली कोरकू ही मुंडारी, संथाळीच्या कुळातली भाषा आहे. गडचिरोलीतली गोंडी, माडिया द्रविड कुळातली. त्या मुलाला "पेक्षा जास्त", "उरले", "प्रत्येकी" हे शब्द गणितात पहिल्यांदा भेटतात. मोठ्या मुलांकडून, अंगणवाडी ताईंकडून अशा वीस-पंचवीस शब्दांची त्यांच्या भाषेतली यादी करून भिंतीवर लावा. शाब्दिक उदाहरण आधी मुलांना त्यांच्या भाषेत एकमेकांना सांगू द्या, मग मराठीत. शिक्षकाला ती भाषा येत नसली तरी चालतं. मुलं खुलतात एवढं नक्की.

सेमी इंग्रजीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पट टिकवण्यासाठी अनेक शाळांनी गणित इंग्रजीतून सुरू केलं आणि पालकांची ती मागणीही होती. पण पहिली-दुसरीत इंग्रजीतून गणित शिकताना घरी मदत मिळणारं आणि न मिळणारं मूल यांतलं अंतर वाढतं. सेमी चालवायचंच असेल तर संकल्पना मराठीतून, किंवा मुलाच्या घरच्या भाषेतून, पक्की करा आणि इंग्रजी संज्ञा नंतर जोडा. पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून शिकवणंही इंग्रजीत असलं पाहिजे असं नाही.

पाचवी पायरी: फळ्यापाशी कोण जातं?

एक आठवडा हे करून पाहा. मागे बसलेल्या सहकाऱ्याला किंवा सातवीतल्या एखाद्या मुलीला वर्गाचा नकाशा द्या. तुम्ही ज्याला प्रश्न विचाराल, फळ्यावर बोलवाल, त्याच्या जागेवर तिने एक रेघ मारायची. शनिवारी नकाशा पाहा. रेघा बहुधा पुढच्या दोन ओळींत दाटलेल्या असतात. मुलगे-मुलींच्या रेघा वेगवेगळ्या मोजा. मुलींना प्रश्न विचारले गेले, पण "पाढा म्हण" असे, मुलग्यांना "का?" विचारलं गेलं, असंही दिसतं. कोणत्या वस्तीतली मुलं कुठे बसतात तेही पाहा आणि न बोलता जागा बदला.

सुधारणा साधी आहे. मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवा आणि प्रश्न विचारून झाल्यावर चिठ्ठी काढा. प्रश्न आणि चिठ्ठी यांच्यामध्ये मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा, तेवढ्या वेळात सगळेच विचार करतात. उत्तर आलं नाही तर "बस खाली" म्हणू नका. "शेजाऱ्याशी बोल, मी परत येते" म्हणा आणि खरंच परत या. ते परत येणं चुकलं तर मूल पुढच्या वेळी विचार करत नाही.

सहावी पायरी: नोव्हेंबरला जाणारी आणि एप्रिलला येणारी मुलं

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, गाळप संपलं की परततात. या मुलांचं दरवर्षी दुसरं सत्र जातं. म्हणजे तिसरीचे शेवटचे घटक गेले, चौथीचेही शेवटचे घटक गेले. जूनमध्ये त्यांना सगळ्यांबरोबर पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शिकवलं तर गेलेलं कधीच भरून निघत नाही. त्यांच्यासाठी जून ते दिवाळी हा काळ आधीच्या वर्षीच्या राहिलेल्या घटकांसाठी राखा, दुसऱ्या पायरीतल्या तासात.

हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आईवडील बाहेर असताना मूल गावातच ठेवण्याची, सोय होत असेल तर पालकांशी सप्टेंबरातच बोला, गाड्या निघाल्यावर नव्हे. मुलगी असेल तर आजी-आजोबांकडे ठेवण्यापेक्षा सोबत नेण्याकडे कल असतो, तेव्हा त्या घरी दोनदा जावं लागेल. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रकावर, म्हणजे नव्या शाळेत दाखवायला त्याच्यासोबत द्यायच्या कागदावर, फक्त इयत्ता लिहून देऊ नका, गणिताचा स्तर आणि नेमकं काय अडतंय ते दोन ओळींत लिहा. कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला त्या दोन ओळींचाच उपयोग होतो. आणि तुमच्या शाळेत असं बाहेरचं मूल आलं तर पट फुगेल, निकाल घसरेल हा विचार बाजूला ठेवा. वयानुरूप वर्गात प्रवेश हा शिक्षण हक्क कायदा, २००९ ने दिलेला हक्क आहे.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती, मुलं जिथे तिथे शाळा. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, संध्याकाळी जमणाऱ्या दहा मुलांसाठी एखादा शिकलेला तरुण आणि नोटा-नाण्यांचा संच पुरतो. जवळच्या शाळेने एवढं मनावर घ्यावं.

सातवी पायरी: बाजाराचा हिशोब आणि पुस्तकाचा हिशोब

२०२५ मध्ये बॅनर्जी, ड्युफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी वगैरे विकणारी मुलं एकाच वेळी वजन, भाव आणि परत द्यायचे पैसे यांचा हिशोब झटपट करतात; पण तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली तर अडतात. आणि बाजारात काम न करणारी, शाळेत जाणारी मुलं कागदावर बरी असली तरी बाजारातल्या हिशोबाला अडतात. दोन्हीकडे काहीतरी राहून गेलंय.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं काढा. बापासोबत भाजी विकायला बसलेल्या मुलाला विचारा: चाळीस रुपये किलोची वांगी, पाऊण किलो, किती? तो म्हणेल तीस. कसं? "अर्ध्याचे वीस, पावचे दहा." हे वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहा आणि त्याच्याशेजारी ३/४ × ४० मांडा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द गावाकडच्या मुलांच्या तोंडात असतात, अपूर्णांकांची सगळी सुरुवात त्यांतून करता येते. ज्याला वर्गात नेहमी "तुला येत नाही" ऐकावं लागतं, तो त्या दिवशी सगळ्यांना शिकवतो. मग उलटं करा: कागदावरची पद्धत त्यालाही नीट शिकवा, कारण परीक्षा कागदावर होते आणि मोठे आकडे तोंडी पेलत नाहीत.

विशेष गरजा असलेली मुलं

वाचता-बोलता नीट येतं, पण वर्षभर प्रयत्न करूनही संख्यांचा अंदाज येत नाही, असं मूल दिसलं तर आळशी म्हणण्याआधी तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र वेळेत मिळालं तर पुढे परीक्षेत सवलती मिळतात. कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यावर लिहिताना प्रत्येक आकडा मोठ्याने बोला. खर्च शून्य आहे.

सहावीपासून पुढे

इथे मोह होतो तो मागच्या मुलांना सोपंच द्यायचा. महत्त्वाचे प्रश्न, पाठ करायची सूत्रं, ३५ पुरते गुण. मला हे पटत नाही. दहावीच्या गणितात बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. कसंबसं पास करून दिलं तरी विज्ञान, आयटीआय, पॉलिटेक्निक यांची दारं त्या मुलासाठी अर्धवटच उघडतात. कोविडनंतर २०२१ मध्ये राज्याने मागचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम दिला होता. तसा सेतू दरवर्षी सहावी आणि आठवीच्या सुरुवातीला शाळेने स्वतः बांधावा: अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या आणि समीकरणाची पहिली ओळख, एवढंच, पण वस्तू आणि संख्यारेषेसह. त्यानंतर मागच्या मुलांनाही विचार करायला लावणारं किमान एक अवघड गणित रोज मिळालं पाहिजे, गटात सोडवायला.

आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला कोण बसतं ते तपासा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शेतमजुराच्या घरात ही रक्कम मुलीचं शिक्षण थांबतं की चालू राहतं हे ठरवू शकते. फक्त "येणारी" मुलं न बसवता सातवीपासून सगळ्यांची तयारी घ्या, आणि उत्पन्नाचा दाखला काढायला पालकांना मदत करा. अनेक मुलं परीक्षेत नापास होण्याआधी दाखल्यावरच अडतात.

शाळेच्या भिंतीबाहेर

वरचं सगळं शिक्षक वर्गात असले तरच होणार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे शाळेत रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत, आणि कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. समितीच्या बैठकीत रंगरंगोटीबरोबर हा विषयही घ्या: गेल्या महिन्यात सकाळचा गणिताचा तास किती दिवस बुडाला आणि कशामुळे? तारखांसह ठराव लिहा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. शिक्षकाने एकट्याने तक्रार केली तर ती त्याच्या अंगाशी येते, समितीच्या ठरावाला वजन असतं.

आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना एक विनंती. शाळाभेटीत वर्गाची सरासरी विचारू नका, ती फसवी असते. पहिल्या गटातल्या मुलांची नावं विचारा, मागच्या भेटीतल्या नावांशी ताडून पाहा आणि त्यांतल्या दोघांना स्वतः नोटा-नाणी देऊन गणित घाला. केंद्राच्या शिक्षण परिषदेत आदर्श पाठाऐवजी कधीतरी मुलांच्या चुकलेल्या दहा वह्या मध्ये ठेवा आणि प्रत्येक चूक कशातून आली ते शिक्षकांना शोधू द्या.

माता पालक गट असेल तिथे आयांना अभ्यास घ्यायला सांगू नका, अनेकींना वाचता येत नाही आणि त्या संकोचतात. त्यांना रोज मुलाला एक प्रश्न विचारायला सांगा: आज दुकानातून काय आणलंस, किती दिले, किती परत आले, कसं मोजलंस?

एप्रिलमध्ये ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसकट सगळ्यांची तीच तोंडी चाचणी पुन्हा घ्या. जूनच्या रकान्याशेजारी एप्रिलचा रकाना भरा. जे पहिल्या गटातच राहिले त्यांच्या नावापुढे काय काय करून पाहिलं आणि कशाने थोडं तरी जमलं ते लिहा. मग ती वही शिक्षकाच्या बदलीबरोबर जाऊ देऊ नका. मुख्याध्यापकांच्या सहीने ती पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या आणि सुट्टी लागण्याआधी अर्धा तास बसून पहिल्या गटातल्या प्रत्येक मुलाबद्दल त्यांच्याशी बोला.